ते ३.८ टक्के कुठल्या दगडात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अर्थविषयक पानावर लिथियमच्या एका नव्या प्रकल्पाची बातमी होती. कठीण खडकातलं लिथियम, पृष्ठभागावरच्या नमुन्यांत ‘३.८ टक्क्यांपर्यंत’ आणि पहिल्याच बोअरमध्ये ‘४२ मीटर जाडीचा थर’. त्याच सकाळी माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. “वहिनी, तुमच्या विषयातलं आहे. घेऊन टाकू का थोडे शेअर?” मी म्हटलं, “भाऊजी, जरा थांबा. आधी मी पेपरला दोन-चार गोष्टी विचारते.”

बातमी खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. प्रकल्प उद्या उत्तमही निघेल. पण छापलेल्या आकड्यांवरून ते कळायला मार्ग नाही, आणि ज्यांवरून थोडंफार कळलं असतं ते आकडे बातमीत नव्हते.

मी भूवैज्ञानिक. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातला बराच काळ कोअर शेडमध्ये गेला. ड्रिलमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या तिथे लांबट पेट्यांत ओळीने मांडलेल्या असतात. त्यांवर पाणी मारायचं, भिंग लावायचं आणि मीटरमागून मीटर काय दिसतं ते लिहीत जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण प्रकल्पाचं खरं-खोटं तिथेच बाहेर पडतं. वार्ताहर मात्र त्या शेडमध्ये फारसे येत नाहीत. त्यांना डोंगरावर नेतात.

आधी फोटोबद्दल. खडकाला पिस्तुलासारखं यंत्र लावून उभा असलेला माणूस, आणि खाली ओळ : ‘लिथियमचं प्रमाण मोजताना’. ते एक्सआरएफ यंत्र आहे, म्हणजे क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारं, आणि त्याला लिथियम दिसतच नाही. लिथियमचा अणुक्रमांक ३. इतक्या हलक्या मूलद्रव्यातून येणारे क्ष-किरण इतके दुबळे असतात की ते त्या यंत्रापर्यंत पोचत नाहीत. त्याने रुबिडियम, टँटलम, कथील मोजता येतं आणि त्यावरून लिथियमची शक्यता ताडता येते. म्हणजे तो माणूस काही चुकीचं करत नसावा. चूक ओळीची होती.

आता ते ३.८ टक्के. बातमीत नुसतं ‘लिथियम’ म्हटलं होतं. हे आकडे सहसा लिथियम ऑक्साइडचे असतात, आणि ऑक्साइडचा आकडा नुसत्या लिथियमच्या दुपटीहून थोडा जास्त असतो (नेमकं सांगायचं तर २.१५ पट). पण ही चूक किरकोळ धरली तरी पुढचा प्रश्न उरतोच : ३.८ टक्के कशात?

ग्रॅनाइटचा शिलारस गोठत येतो तेव्हा जी मूलद्रव्यं नेहमीच्या खनिजांच्या घडणीत बसत नाहीत, ती उरलेल्या रसात साचत जातात. लिथियम त्यांतलंच. पाण्याने, बोरॉनने, फ्लोरिनने भरलेला हा शेवटचा रस आजूबाजूच्या खडकांच्या भेगांत शिरून गोठतो. तो आमचा पेग्माटाइट. त्यातले स्फटिक बोटाएवढे, हाताएवढे, कधी त्याहून कितीतरी मोठे. अमेरिकेत साउथ डकोटातल्या एटा खाणीत स्पोड्युमीनचा चौदा मीटरहून लांब असा एकच स्फटिक नोंदलेला आहे. स्पोड्युमीन हे कठीण खडकातल्या लिथियमचं मुख्य खनिज. ते अगदी शुद्ध असलं तरी त्यात लिथियम ऑक्साइड भरतं साधारण ८ टक्के. म्हणजे ३.८ टक्क्यांचा दगड जवळजवळ अर्धा स्पोड्युमीन होता. असा दगड सापडू शकतो. पण ज्या खाणी आज चालतात त्यांतल्या बहुतेकांत अख्ख्या खडकाची सरासरी १ ते दीड टक्का आहे. ऑस्ट्रेलियातली ग्रीनबुशेस २ टक्क्यांच्या आसपास, आणि ती जगात नावाजलेली आहे ती त्यासाठीच. जिथे एकेक स्फटिक हाताएवढा असतो तिथे हातोडा कुठे मारला यावर टक्केवारी ठरते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. वरिष्ठ दोन तासांसाठी साइटवर आले आणि म्हणाले, “चांगले दिसणारे वीस दगड काढून ठेवा.” मी काढले. हिरवट पांढरे, लांब पट्ट्यांसारखे स्फटिक जिथे दाट होते तिथलेच काढले. कुणी खोटं बोला असं सांगितलं नव्हतं, आणि मीही खोटं बोलले नाही. वीस दगडांची सरासरी तीन टक्क्यांवर आली. नंतर त्याच जागी आम्ही डायमंडच्या करवतीने पेग्माटाइटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग खाच पाडली आणि खाचेतला सगळा दगड, देखणा आणि कुरूप दोन्ही, प्रयोगशाळेत पाठवला. आकडा आला ०.९. वीस दगड अहवालाच्या पहिल्या पानावर गेले, खाच परिशिष्टात. त्या पहिल्या पानाखाली माझीही सही होती. ती अजून टोचते.

म्हणून वार्ताहराने विचारायला हवं होतं ते एवढंच : हे नमुने वेचलेले की खाचेतले?

याची दुसरीही बाजू आहे. पृष्ठभागावर काहीच मिळालं नाही म्हणून प्रकल्प वाया गेला असंही होत नाही. उष्ण, पावसाळी प्रदेशात पेग्माटाइट वरून कुजतो. स्पोड्युमीनची माती होते, लिथियम पाण्याबरोबर निघून जातं, आणि वर उरते पांढरी मऊ माती आणि गारगोटीचे तुकडे. अशा जागी लिथियम शोधत बसण्यात अर्थ नसतो, साक्षीदार शोधावे लागतात. अभ्रक आणि पोटॅश फेल्डस्पार या नेहमीच्या खनिजांमध्ये रुबिडियमच्या मानाने पोटॅशियम किती घसरलंय ते पाहायचं, कारण रस जितका शेवटचा तितकं ते गुणोत्तर खाली येतं. सिझियम, टँटलम, कथील वाढलेत का ते पाहायचं. बाजूचा खडक काळा अँफिबोलाइट असेल तर कडेला होमक्विस्टाइटच्या जांभळट निळ्या सुया आहेत का ते पाहायचं, कारण पेग्माटाइटमधून बाहेर झिरपलेल्या लिथियमशिवाय ते खनिज तिथे तयार होत नाही. आणि जुने लोक तिथे कथील खणत होते का, याची चौकशी करायची. ग्रीनबुशेसमध्ये १८८८ पासून कथील काढलं जात होतं. लिथियमसाठी ती खाण चालू झाली १९८०च्या दशकात. जवळजवळ शंभर वर्षं लोक त्याच खडकावर दुसऱ्याच गोष्टीसाठी घाम गाळत होते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या प्रकल्पाची बातमी मला कुणी सांगितली तर ३.८ टक्क्यांपेक्षा ‘तिथे जुन्या कथिलाच्या खाणी आहेत’ हे ऐकून मी जास्त सावध कान देईन.

त्यानंतरचा प्रश्न म्हणजे लिथियम कुठल्या खनिजात आहे. प्रयोगशाळेचा आकडा हे सांगत नाही. तो एकूण लिथियम सांगतो. ते स्पोड्युमीनमध्ये असेल, पेटलाइटमध्ये असेल, लेपिडोलाइट नावाच्या जांभळट अभ्रकात असेल, किंवा या सगळ्यांत वाटलं गेलेलं असेल. धंद्याच्या दृष्टीने या वेगवेगळ्या जाती आहेत. स्पोड्युमीन साधारण १०५० अंश सेल्सिअसला भाजलं की त्याची अंतर्गत रचना बदलते, ते फुगतं, भुसभुशीत होतं, आणि मग गंधकाम्लाबरोबर अडीचशे अंशांच्या आसपास तापवलं की लिथियम पाण्यात उतरतं. जगभरचे कारखाने मुख्यतः याच वाटेने उभे राहिलेत, आणि त्यांना लागतो तो ६ टक्क्यांच्या आसपासचा स्पोड्युमीनचा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दगडातलं नको ते काढून दाट केलेला माल. अभ्रकातलं लिथियम काढताही येतं, काढतातही, पण त्याची वाट वेगळी आणि तिथे कचरा खूप जास्त निघतो. तेव्हा एकाच टक्केवारीचे दोन खडक एकाच किमतीचे नसतात. एक्स-रे डिफ्रॅक्शनची चाचणी करून कुठलं खनिज किती हे कळतं. ती काही फार महाग चाचणी नाही. ज्या कंपनीने ड्रिलवर पैसे घातलेत तिने ही चाचणी करून निकाल जाहीर केला नसेल, तर का नाही हे विचारावं.

डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, हे मी स्वतः शिकलेय. पहिल्याच वर्षी मी एका बोअरमधले अकरा मीटर ‘स्पोड्युमीन, भरड’ म्हणून लिहून मोकळी झाले. पांढरं, पापुद्र्यापापुद्र्याचं, चमकणारं. आमचे सीनियर आले, वही वाचली, काही बोलले नाहीत. माझ्या पेटीतली एक कांडी घेतली, दुसऱ्या पेटीतून खात्रीच्या स्पोड्युमीनची तेवढ्याच लांबीची कांडी काढली, आणि दोन्ही माझ्या दोन हातांत ठेवल्या. “कुठली जड?” फरक इतका स्पष्ट होता की उत्तर द्यायची गरजच पडली नाही. स्पोड्युमीनची घनता ३.१५ च्या आसपास, फेल्डस्पारची २.६. मी स्पोड्युमीन म्हणून लिहिलेले अकरा मीटर अल्बाइटचे होते. अल्बाइट हा फेल्डस्पारचाच प्रकार, त्याच्या पापुद्री जातीला क्लीव्हलँडाइट म्हणतात. त्या रात्री बसून मी अकराच्या अकरा मीटर पुन्हा लिहिले. पुढे कितीतरी नव्या पोरांच्या हातात मी तशाच दोन कांड्या ठेवल्या.

हाच घनतेचा फरक पुढे कारखान्यातही कामाला येतो. स्फटिक भरड असतील तर दगड फोडून जड द्रवात टाकला की स्पोड्युमीन खाली बसतं, गारगोटी आणि फेल्डस्पार वर तरंगतात. स्वस्तात काम होतं. पण कधी कधी मूळचं पेटलाइट मोडून त्याच्या जागी स्पोड्युमीन आणि गारगोटीची बारीक विण तयार झालेली असते. तिथे टक्केवारी छान दिसते, पण दगड पिठासारखा दळून फेस काढून तरंगवावा लागतो, आणि तरीही बरंच लिथियम टाकाऊ ढिगात जातं. शिवाय बाजूचा काळा खडक मिसळला की लोह वाढतं आणि माल नाकारला जातो. या गोष्टी पहिल्या पाच-दहा बोअरांत नजरेला दिसू शकतात. त्या पाहायला मात्र शेडमध्ये यावं लागतं.

आता ‘४२ मीटर जाडीचा थर’. पेग्माटाइट बहुतेक वेळा थर नसतोच. जमिनीत कललेली भिंत असं त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. भिंत आडव्या जमिनीशी ७० अंशांचा कोन करून कललेली आहे आणि आपण वरून सरळ उभा बोअर मारला, तर ड्रिल भिंतीला आरपार न जाता तिच्या अंगाअंगानेच खाली उतरत राहतो. ४२ मीटर पेग्माटाइट लागला तरी भिंतीची खरी जाडी निघते साधारण १४ मीटर. लाकडी फळी तिरकी कापली की काप रुंद दिसतो, फळी जाड होत नाही. म्हणून शहाणे लोक भिंतीच्या कलाविरुद्ध तिरका बोअर मारतात, आणि प्रामाणिक कंपनी बोअरमधल्या लांबीबरोबर खरी जाडीही छापते.

हा फरक किती महागात पडतो ते पाहा. समजा भिंत जमिनीवर ८०० मीटर लांब दिसते आणि खाली २०० मीटरपर्यंत जाते असं धरलं. जाडी १४ मीटर असेल तर खडक निघतो सुमारे ६० लाख टन. जाडी ४२ धरली तर तोच आकडा १ कोटी ८० लाखांवर जातो. पहिला प्रकल्प लहान आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र कारखाना उभा राहील का याची शंका आहे. दुसऱ्यावर निदान विचार सुरू होतो. तुलनेसाठी, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलगंगूरा या लिथियम खाणीचं संसाधन ४० कोटी टनांच्या वर आहे. आणि माझ्या या हिशेबात भिंत सगळीकडे सारखी जाड धरली आहे, तशी ती क्वचितच असते. पेग्माटाइट फुगतो, आकसतो, मध्येच संपतो, पुन्हा उगवतो. पहिला बोअर फुगवट्यावर मारलेला असतो, कारण उघड्यावर दिसतो तो फुगवटाच. एका बोअरमध्ये पेग्माटाइटच्या कडेचा कोन पाहून कलाचा अंदाज येतो, पण भिंत नेमकी कशी उभी आहे हे निदान तीन बिंदू हातात आल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही.

आता आपल्या व्यवसायातली एक तक्रार. मराठी वर्तमानपत्रं सगळ्यालाच ‘साठा’ म्हणतात. आमच्याकडे त्याच्या पायऱ्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क नियमावलीत अगदी सुरुवातीला जे सांगता येतं ते नुसतं लक्ष्य, आणि ते ‘इतके ते इतके’ असं पट्ट्यातच सांगावं लागतं. त्यावर अनुमानित संसाधन, मग निर्देशित, मग मोजलेलं. आणि फायद्यात खणता येईल हे अभ्यासाने दाखवलं की त्यातल्या भागाला साठा म्हणायचं. खालच्या पायरीचा आकडा वरच्या पायरीच्या नावाने छापला की काय होतं, याची उदाहरणं आपल्या देशातच आहेत. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात मार्लगल्ला भागात १४,१०० टन लिथियम असल्याच्या बातम्या २०२० मध्ये झळकल्या. अणुऊर्जा विभागाच्या खनिज संचालनालयाच्या सर्वेक्षणातून पुढच्या वर्षी जो आकडा समोर आला तो होता १,६०० टन, तोही अनुमानित. २०२३ च्या फेब्रुवारीत जम्मूतल्या रियासीचे ‘५९ लाख टन लिथियम’ सगळीकडे गाजले. लिलावाच्या कागदपत्रांत मात्र ५९ लाख टन हा बॉक्साइटयुक्त खडकाचा आकडा होता, आणि त्यातल्या लिथियम धातूचा आकडा ३,४०० टनांहून थोडा जास्त. (रियासीचा खडक पेग्माटाइट नाही, ते प्रकरणच वेगळं. पण शिकण्यासारखं तेच.) २०२४ मध्ये पुरेसे बोलीदार न आल्याने तो लिलाव रद्द झाला, ही बातमी मला आतल्या पानावर सापडली.

भावाचंही थोडं. २०२२ च्या अखेरीस ६ टक्क्यांच्या स्पोड्युमीन कॉन्सन्ट्रेटला टनामागे ६,००० अमेरिकी डॉलरांहून जास्त भाव होता, २०२४ मध्ये तो १,००० च्या खाली आला. ऑस्ट्रेलियातल्या फिनिस खाणीतून २०२३ मध्ये पहिला माल निघाला आणि २०२४ च्या जानेवारीत खणणं थांबलं. पिलगंगूराची जागा तिथल्या कंपनीने २०१४ मध्ये घेतली आणि २०१८ मध्ये माल जहाजावर चढला. या धंद्यात चार वर्षं म्हणजे विजेचा वेग, आणि ती एवढ्या मोठ्या खडकाला लागली. आज जो प्रकल्प पहिल्या बोअरवर आहे त्याला आजच्या भावाने गुणून कुणी रुपये काढून दाखवत असेल तर त्या गुणाकाराकडे पाहूसुद्धा नये. जागेला पाणी आहे का, रस्ता आहे का, तिथल्या लोकांना खाण हवी आहे का, हे मात्र आजच पाहता येतं.

माझी आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी कंपनीचं पत्रक आलं की वार्ताहराने त्यांच्याकडे दोन कागद मागावेत. बोअरांचा आडवा छेद, म्हणजे जमिनीत भिंत कशी उभी आहे आणि बोअर तिला कुठल्या कोनात लागले त्याचं चित्र. आणि कुठलं खनिज किती, त्याची चाचणी. ज्यांच्याकडे आहेत ते अभिमानाने देतील. नसतील तर ‘अजून झालेलं नाही’ असंच छापावं. पहिल्या वर्षी ते झालेलं नसणं हा काही गुन्हा नाही.

हे पत्र पूर्ण करत होते तेवढ्यात दिरांचा पुन्हा फोन आला. कंपनीने दुसऱ्या बोअरचा निकाल दिलाय, ३७ मीटर. मी विचारलं, “भाऊजी, बोअर उभा होता की तिरका?”

“ते नाही दिलं वहिनी. पण फोटो आहे. त्यात एकजण ते पिस्तूल लावून उभा आहे.”

आपली नम्र,
एक निवृत्त भूवैज्ञानिक